स्पेनच्या म्हाताऱ्याचा श्वास

आमच्या यांना दिसत नाही हे बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही, असं घरात ठरलं होतं. ठरवलं यांनीच. समोरचं मधोमध दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. त्यामुळे रस्त्यानं चालताना कुणाला कळत नाही. दारातून येणारा माणूस हे चालीवरून ओळखतात आणि त्याच्या नावानं हाक मारतात. फक्त कागद वाचता येत नाही.

"डोळं गेलं म्हणलं की काम गेलं," हे म्हणाले. "तू कुठं तोंड उघडू नगंस."

मला हे सांगायची गरज नव्हती. लग्न होऊन शिवाजी पेठेत आले तेव्हा महिनाभरानं शेजारणीनं सासूबाईंना विचारलं होतं, "सून मुकी हाय काय वो?" सासूबाई म्हणाल्या होत्या, "मुकी न्हाय. पण बोलणारा एक हाय की घरात. त्यो पुरतोय."

बोलणारे म्हणजे हे. बिद्रीकडचे. शाळेत असताना गावच्या गणपतीत लुगडं नेसून उभे राहिले आणि तिथून घरात थांबले नाहीत. आधी गावोगाव फिरणाऱ्या नाटक कंपनीत पडदे ओढले, मग निरोप आणणाऱ्या शिपायाचं काम मिळालं, मग बोलायची कामं. कोल्हापुरात सिनेमे निघायचे तेव्हा स्टुडिओत जायला लागले. नायक कधीच झाले नाहीत. पाटील, हवालदार, सरदार, मुलीचा बाप. निम्म्या सिनेमांत तर हे मरायचे. पहिल्यांदा पडद्यावर मेले तेव्हा सासूबाई थेटरात उभ्या राहून ओरडल्या, "ऊठ की रं!" सगळं थेटर हसलं. त्यानंतर दर सिनेमाला त्या आधी विचारून घ्यायच्या, "ह्यात मरतोस काय? मरणार असलास तर मी येत न्हाय."

माझ्या वाटणीला यांचं काम आलं ते कपड्यांतून. सदऱ्याच्या कॉलरला लागलेला तोंडाचा रंग, जो साध्या साबणानं निघत नाही. आरशाच्या कडेला चिकटवून ठेवलेली मिशी. एकदा घोड्यावरून पडले तेव्हाचा फाटका अंगरखा, जो कंपनीला परत द्यायचा म्हणून मी रात्रीतून शिवला. नाटकाला मी गेले तरी मागच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला बसायची. पण पाठांतर घरातच चालायचं. हे घराच्या चौकात येरझाऱ्या घालत नक्कल, म्हणजे आपल्या कामाची वाक्यं, म्हणायचे आणि मी आत भाकरी थापायची. कुठल्या वाक्याला हे श्वास घेणार हे माझ्या हाताला ठाऊक व्हायचं. विसरले की उपरण्याचं टोक चाचपायचे. आवाज थांबला की मी न बघता सांगू शकायची, आता टोक हातात असणार.

मग डोळे गेले आणि वाचायचं काम माझ्याकडं आलं.

माझी शाळा चौथीपर्यंत. माहेर कबनूरचं, घरोघरी माग. चौथी झाल्यावर वडिलांनी कांड्या भरायला बसवलं. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात घालायची सुताची बारीक नळी. ती दिवसभर भरायची, संपली की दुसरी. त्यात वाचायचं राहिलं ते राहिलंच. आता मी बोट खाली धरून वाचते. जोडाक्षर आलं की थांबते, मनात फोडून बघते आणि मग म्हणते. पहिल्या दिवशी मला इतकी लाज वाटली की पदर तोंडात धरला.

"पदर काढ," हे म्हणाले. "आन् हावभाव करू नगंस. नुसतं वाच. हावभाव माझं मी घालतो."

"तुमचंच वाचू की दुसऱ्यांचं बी?"

"सगळ्यांचं. राजाचं बी, चोराचं बी."

असं एक नाटक आम्ही पाठ केलं. यांचं ते शेवटचं नाटक ठरलं. त्यात हे म्हाताऱ्या मास्तरांचं काम करत होते. लोकांनी फार वाखाणलं. जो तो येऊन म्हणायचा, काय थांबता हो तुम्ही मधेच, काळजाला लागतं. पेपरातही आलं, की या नटाचं थांबणं बोलण्याहून जास्त सांगून जातं. ते कात्रण यांनी कपाटाच्या काचेला आतून लावलं. यांना वाचता येत नाही, पण कुठं आहे ते माहीत आहे. जाता येता काचेवर बोट ठेवतात.

त्यानंतर दोन वर्षं कुणी बोलावलं नाही.

मग गेल्या वर्षी फोन आला. मोबाईलवर बघायची एक परदेशी मालिका मराठीत करायची होती, स्पेन देशातली. त्यातल्या घरातल्या म्हाताऱ्याला आवाज पाहिजे होता. फोन करणारी मुलगी तिशीतली, आपल्या कोल्हापूरचीच. लहानपणी आईबरोबर यांची नाटकं बघितलेली. पिठाच्या गिरणीवरच्या माडीत तिनं आवाज भरायची खोली केली होती, भिंतींना गाद्या लावून. गिरणी दुपारी एक ते चार बंद असते, तेवढ्यात काम करायचं. गिरणी सुरू झाली की जमीन हलते आणि आवाजात पीठ पडतं, असं ती म्हणायची.

पहिल्या दिवशी हे एकटेच रिक्षानं गेले आणि हसत परत आले. म्हाताऱ्याचं काम करणाऱ्या त्या नटाची सगळी कथा ऐकून आले होते. तोही खेड्यातला. तोही गाडीतून गावोगाव फिरणाऱ्या कंपनीत लागला. नोकर, पाद्री, मुलीचा बाप अशीच कामं केली. सिनेमात नायक कधीच नाही. केस पांढरे झाल्यावर या मालिकेनं त्याला घराघरांत नेलं.

"माझंच की हे," हे म्हणाले. "फकस्त टोपी येगळी."

"वय काय त्याचं?" मी विचारलं.

"माझ्याहून चार वर्षांनी थोरला हाय. आजून काम करतोय बघ."

तो दिवसभर हे तसेच होते. जेवताना दोनदा वाढून घेतलं. मिशी नसलेल्या ओठावरून हात फिरवला.

पहिल्या भागाचे कागद घरी आले. मी वाचायची, हे ऐकायचे आणि परत म्हणून दाखवायचे. आठ दिवसांत चोख पाठ झालं. एकही शब्द चुकत नव्हता. आवाज भरायच्या दिवशी हे म्हणाले, "चल तू बी. जिन्याला कठडा न्हाय." म्हणून मी गेले.

मला काचेच्या बाहेर बसवलं. त्या मुलीनं माझ्या कानावर तो मोठा यंत्राचा पट्टा घातला. "काकी, ऐका आबांचं." आत हे उभे, समोर कागद धरलेला. पुढच्या पडद्यावर तो स्पेनचा म्हातारा. पातळ केस, खोल गेलेले गाल, डोळे मात्र लहान मुलासारखे. त्यानं तोंड उघडलं आणि यांचा आवाज आला.

पण वाक्याच्या मधेच हे थांबले. म्हातारा पुढं बोलत राहिला आणि आवाज आलाच नाही.

"आबा, परत एकदा."

परत तिथंच थांबले. दुसऱ्या वाक्यात दुसरीकडं थांबले. म्हाताऱ्याचं तोंड मिटलं तरी यांचं निम्मं वाक्य उरलेलं. मुलीनं गोडीनं दहा वेळा करून घेतलं. हे घामाघूम झाले. उपरण्याचं टोक हातात घट्ट धरलं होतं.

पाचव्या का सहाव्या वेळी मला कळलं. "मी तुझ्या आईला त्या दिवशी" म्हणून हे थांबले, तिथं माझं पान संपत होतं. मी बोटाला थुंकी लावायची, पान उलटायची, पुढची ओळ शोधायची आणि मग "शब्द दिला होता" म्हणायची. हे तेवढंच थांबत होते. जोडाक्षरांपाशी मी अडायची, तिथंही हे अडत होते. एकही शब्द चुकला नव्हता. यांनी माझं वाचणं जसंच्या तसं पाठ केलं होतं, माझ्या थुंकीसकट.

मी उठून सांगायला पाहिजे होतं. काचेच्या दारापर्यंत गेलेसुद्धा. पण सांगायचं म्हणजे यांना दिसत नाही हे सांगायचं. यांची बायको बोट धरून वाचते हे सांगायचं. आणि आणखी एक गोष्ट तिथंच उभी असताना माझ्या मनात आली, ती कपाटाच्या काचेवरच्या कात्रणाची. मी दारातून परत येऊन बसले.

मुलगी बाहेर येऊन जिन्यात कुणाशी तरी फोनवर बोलली. हळू बोलत होती, पण ऐकू आलं. "आवाज सोन्यासारखा हाय वो, पण ध्यानात राहात न्हाय त्यांच्या. वय झालंय. गुरुवारी एकदा बघतो, न्हायतर पुण्याचे ते दुसरे घेऊया."

यांचे डोळे गेले तसे कान तिखट झाले आहेत. घरी आल्यावर हे खुर्चीत बसले आणि म्हणाले, "इसरालोय मी."

"न्हाय वो."

"तुला काय कळतंय? डोळं गेलं ते चाललं. आता डोस्कं बी गेलं. गुरुवारी जायचं न्हाय. फोन करून सांग तिला."

मी फोन केला नाही. गुरुवारला चार दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे पेठेतल्या तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसल्यावर मी त्या माडीवर एकटी गेले. गिरणी चालू होती. दारात उभी राहून मला पहिलं वाक्य सुचेना. मुलगीच म्हणाली, "काकी, आबा बरे हायत न्हवं?"

"बरं हायत. त्यो म्हातारा घरी बघायला मिळंल काय? माझ्या मोबाईलवर?"

"मिळंल की. पण तुमच्या मोबाईलचा आवाज बारका. कळायचं न्हाय नीट."

"आवाज नगो. त्याची भाषा मला कुठं येतीया? तोंड दिसलं की झालं."

ती हसली, पण पाठवून दिलं.

कबनूरला मागाच्या खोलीत इतका खडखडाट असायचा की ओरडलं तरी ऐकू जात नसे. तिथं सगळी माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघून बोलायची. वडील पलीकडच्या मागावरून नुसते ओठ हलवायचे आणि मला कळायचं की सूत संपलं, की डबा आण, की आईला सांग आज उशीर. कोण कुठं दम घेतंय तेही कळायचं, कारण दम घेतल्यावर पुढचं येणार. त्यामुळे त्या म्हाताऱ्याची भाषा कुठलीही असू दे, त्याचं तोंड मला परकं वाटलं नाही. कुठं त्याची छाती वर येते, कुठं ओठ मिटतात, कुठं मिटल्यासारखे करून पुन्हा बोलतो, हे मला दिसत होतं.

मी दुकानातून दोनशे पानी वही आणली. सगळे कागद पुन्हा लिहून काढायचे ठरवले. मोठ्या अक्षरात. म्हातारा जिथं दम घेईल तिथं ओळ तोडायची. आणि पान संपवायचं ते तो तोंड मिटून गप्प बसला असेल तिथंच, मग निम्मं पान कोरं राहिलं तरी चालेल. वाण्याची यादी सोडली तर चौथीनंतर मी काही लिहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी बोटं आखडली. त्यात तीन दिवस गेले. भाजी दोनदा करपली.

"काय जळालंय?" हे खुर्चीतून विचारायचे.

"काय न्हाय. वांगं."

"लक्ष कुठं हाय तुझं?"

बुधवारी दुपारी मी वही घेऊन यांच्यासमोर जमिनीवर बसले. हे भिंतीकडं तोंड करून होते.

"अवो. तुमी इसरत न्हाय."

"परत तेच."

"मी पान उलटताना थांबतो, तितं तुमी थांबता. मी अडतो तितं अडता. तुमी माझं वाचणं पाठ केलंय. चूक माझी हाय."

हे सगळी वाक्यं मनात म्हणून बघत असावेत, कारण ओठ हलत होते. "शब्द दिला होता" पाशी ओठ थांबले.

"हितं पान हाय?"

"व्हय."

"आयला," हे म्हणाले. आणि मान माझ्याकडं वळवली. तिरकी, कारण तसं बघितलं की मी यांना थोडी दिसते. मला वाटलं आता झालं. पण यांनी विचारलं ते मला ज्याची भीती होती तेच. "मग मास्तरांच्या कामातलं बी?"

मला खोटं बोलता येतं. पण यांच्यासमोर ते जमत नाही.

"सगळं न्हाय. बाकी तुमचंच हाय. तिसऱ्या अंकातलं एक, पोराला निरोप देताना. तितं पान होतं. आन् ते दुसरं चिकटून बसलंतं, म्हणून जरा जास्तच झालं."

"त्यालाच टाळ्या पडायच्या की गं!"

"व्हय."

हे हसायला लागले. इतके हसले की ठसका लागला आणि मी पाणी आणायला धावले. पाणी प्यायल्यावर डोळे पुसले. ते हसून आलेलं पाणी होतं की नाही, मी विचारलं नाही. "वाच," एवढंच म्हणाले. मी वही उघडली आणि स्पेनच्या म्हाताऱ्याच्या श्वासानं वाचायला लागले. संध्याकाळपर्यंत आम्ही तेच केलं.

गुरुवारी हे आत गेल्या गेल्या म्हणाले, "बाई, एक सांगायचं हाय. मला कागद दिसत न्हाय."

मुलगी म्हणाली, "आबा, मला पहिल्या दिवशीच कळलंय. तुमी कागद उलटा धरलाता."

हे म्हणाले, "मग बोलली न्हाईस?"

"तुमी बोलला न्हाईसा, मग मी कशाला बोलू? पण पाठांतराचं मला वाटलं..." तिनं वाक्य सोडून दिलं.

"हिला हितं माझ्याशेजारी स्टूल दे. वही हिच्याकडं हाय."

त्या गादीच्या खोलीत मी पहिल्यांदा आत गेले. एक ओळ मी यांच्या कानात सांगायची, म्हातारा तोंड उघडायचा, हे बोलायचे. तोंड आणि आवाज एकत्र सुरू व्हायचे आणि एकत्र मिटायचे. काचेपलीकडं मुलगी नुसती मान हलवत होती. अडीच वाजेपर्यंत निम्म्याहून जास्त झालं.

मग ती एक जागा आली. म्हातारा लेकीसमोर उभा आहे. घर विकू नकोस, असं तिला सांगतोय. सांगता सांगता मधेच थांबतो. लांबलचक थांबतो आणि मग पुढं बोलतो. कागदावर तिथं सरळ एकच वाक्य होतं. मी वहीत त्या जागी ओळ तोडून नुसती रेघ मारून ठेवली होती.

मुलगी म्हणाली, "हितं पोकळी पडतीया. आबा, मागचं वाक्य जरा लांबवा. न्हायतर मधे 'हं' करा, 'काय म्हणतोय मी' असं कायतरी घाला."

यांनी दोनदा करून बघितलं. बसेना. तिसऱ्यांदा ती पडदा मागं नेत असताना मी म्हणाले, "त्यो इसरलाय तितं."

माझा आवाज त्या खोलीत इतका मोठा आला की मीच दचकले. तिथं सगळ्याला यंत्र लावलेलं असतं.

"कोण इसरलाय, काकी?"

"त्यो. बघा, डोळं बाजूला गेलं. आन् हात सदऱ्याच्या गुंडीवर आलाय. दुसरीकडं कुठं गुंडीला हात लावत न्हाय त्यो. तितं पुढचं वाक्य त्याला आठवंना. मग आठवलं."

मुलीनं तेवढाच तुकडा तीन वेळा लावला. तिसऱ्या वेळी ती काचेला नाक लावून बघत होती. "काकी, व्हय की वो."

हे माझ्याकडं वळले. "इसरला? त्यो? खरं?"

"खरं."

"आन् ठेवलं तसंच? काढून टाकलं न्हाय?"

"ठेवलंय की. बघालाय न्हवं तुमी."

यांना ते दिसत नव्हतं, पण दोघांनीही काही दुरुस्त केलं नाही. यांनी घसा साफ केला. "लाव बाई परत. काय घालू नगंस मधे."

म्हातारा लेकीला सांगायला लागला. यांचा आवाज त्याच्या तोंडातून निघाला, पुढं गेला आणि थांबला. मी कानात काहीच सांगितलं नाही. यांचा हात उपरण्याच्या टोकावर गेला होता. पडद्यावर म्हाताऱ्याचा हात गुंडीवर होता. मला वही बघायची सुद्धा भीती वाटली, कारण हे काम करत होते की खरंच विसरले होते, ते मला कळेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळेना. मग म्हाताऱ्याची छाती वर आली आणि त्याच क्षणी आवाज आला, हळू, घर विकू नकोस म्हणून.

मुलीनं काचेपलीकडून नुसता हात वर केला. गिरणी सुरू व्हायला अजून वेळ होता म्हणून आम्ही आणखी एक पान केलं.

कठडा नसलेल्या जिन्यावर हे माझ्या खांद्यावर हात ठेवून एकेक पायरी उतरत होते. मधल्या पायरीवर थांबले.

"माझ्याहून किती थोरला हाय त्यो?"

"तुमीच सांगितलंतं की. चार वर्षांनी."

"मग चार वर्षं हायत अजून," हे म्हणाले आणि पाय खाली टाकला.